डावी लेन आधी बदलली: ४१ फुटांच्या तेलावरचे तीन गेम

डेट्रॉइटच्या परिसरात बोलिंग हा हिवाळ्यातला घरचा खेळ आहे. गाड्यांच्या कारखान्यांतल्या माणसांनी उभ्या केलेल्या लीग इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. ॲलन पार्कच्या थंडरबोल लेन्समध्ये एका छपराखाली ९० लेन आहेत, एवढं सांगितलं तरी पुरे. अशाच एका लीगमधल्या एका रात्रीचं हे प्रकरण. खेळाडू आमच्या टीममधला, मूळचा सांगलीकडचा, तिशीतला इंजिनियर, उजव्या हाताने खेळणारा. नेहमीच्या लीगमध्ये त्याची सरासरी दोनशेच्या वर. या हंगामात त्याने पहिल्यांदा स्पोर्ट लीगमध्ये, म्हणजे अवघड तेलावर खेळल्या जाणाऱ्या लीगमध्ये, नाव घातलं आणि सरासरी १७० च्या घरात येऊन बसली. आपला हातच बिघडला, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. त्या रात्री मी खेळत नव्हतो, म्हणून मागे बसून त्याचा प्रत्येक बॉल वहीत उतरवला. त्या नोंदी पाहिल्या तर हात शेवटपर्यंत ठणठणीत होता. बदलत होती ती लेन.

लेनवर काय होतं

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये बोलिंग खेळलेल्यांना लेन सगळीकडे सारखीच दिसते, कारण दिसण्यासारखं तिथे काही नसतंच. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी साडेतीन फुटांच्या आत, आणि त्या रुंदीत ३९ बोर्ड. उजव्या हाताचा खेळाडू हे बोर्ड उजव्या गटरपासून मोजतो. साधारण १५ फुटांवर सात ॲरो असतात, दर पाच बोर्डांवर एक. एवढं डोळ्यांना दिसतं. खरा खेळ ठरवतं ते तेल मात्र दिसत नाही. लाकडी लेन बॉलच्या घर्षणाने जळू नये म्हणून पूर्वी तेल लावायला सुरुवात झाली. आज लेन बहुतेक ठिकाणी सिंथेटिक आहेत, पण तेल राहिलं, आणि ते कुठे किती सोडायचं यावरच खेळ किती अवघड, किती सोपा हे ठरू लागलं.

त्या रात्रीचा पॅटर्न, म्हणजे तेलाची रचना, भिंतीवर लावलेला होता: लांबी ४१ फूट, एका लेनवर एकूण तेल २५ मिलीलीटरच्या आसपास. म्हणजे चहाचे पाच चमचे तेल एवढ्या मोठ्या पट्टीवर पसरलेलं. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर त्याची पकड बसते आणि तो वळतो. ४१ फुटांनंतर लेन कोरडी, म्हणून तिथून पुढे बॉलने वळून १ आणि ३ नंबरच्या पिनांमधल्या पॉकेटमध्ये शिरायचं. (दहा पिनांच्या त्रिकोणात १ सगळ्यात पुढे, ७ मागच्या डाव्या कोपऱ्यात, १० मागच्या उजव्या.)

आता फरक कुठे पडतो ते बघा. नेहमीच्या लीगमध्ये जो हाउस शॉट लावतात, त्यात मध्यभागी तेल भरपूर आणि कडेला अगदी थोडं. मध्यात कडेच्या दहापट तेलही असू शकतं. त्यामुळे बॉल चुकून उजवीकडे गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत येतो, डावीकडे गेला तर तेलावर तरून पॉकेट धरतो. दोन्हीकडून चूक सांभाळून घेतली जाते. स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे प्रमाण तीनास एकच्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवतात. उजवीकडे गेलेला बॉल तिकडेच राहतो, डावीकडे गेलेला नाकासमोर पहिल्या पिनवर आदळतो. दोनशेची सरासरी असलेला माणूस इथे वीस-पंचवीस पिनांनी खाली येतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पहिला गेम

गेममध्ये दहा फ्रेम असतात: पहिल्याच बॉलला सगळ्या पिन पडल्या तर स्ट्राइक, दुसऱ्याला उरलेल्या पडल्या तर स्पेअर, नाहीतर फ्रेम उघडी. सामन्याआधीची प्रॅक्टिस त्याने स्ट्राइक मारण्यात घालवली. मला प्रॅक्टिसचा हा वापर मुळीच पटत नाही. ती काही मिनिटं लेनला प्रश्न विचारण्यासाठी असतात. एक बॉल मुद्दाम बाहेरून टाकावा, एक आतून, एक मधून, आणि कुठला परत येतो, कुठला येत नाही ते बघून ठेवावं. प्रॅक्टिसमधले पडलेले पिन कुणी मोजत नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न त्याला पहिल्याच फ्रेममध्ये विचारावा लागला, तोही गुण मोजून. नेहमीसारखा तो उभा राहिला, बॉल तेराव्या बोर्डावर टेकवला, दुसऱ्या ॲरोवरून म्हणजे दहाव्या बोर्डावरून सोडला. हिशेब सोपा आहे: पहिल्या १५ फुटांत बॉल तीन बोर्ड उजवीकडे सरकला, तर त्याच वेगाने ४० फुटांपर्यंत तो पाचव्या बोर्डावर पोहोचतो. हाउस शॉटमध्ये पाचवा बोर्ड कोरडा असतो, तिथून बॉल झोकात परत येतो. इथे पाचव्या बोर्डावरही तेल होतं. बॉल आला, पण उशिरा आणि अपुरा. १-२-१० उभ्या राहिल्या. लीगमध्ये फ्रेमगणिक जोडीतली लेन बदलते; पुढच्या फ्रेमला उजव्या लेनवर तोच बॉल, १-२-४-१०. तिसऱ्या फ्रेमला त्याने मनगटाला जोर देऊन बॉल जास्त वळवायचा प्रयत्न केला. जोराच्या नादात हात आत ओढला गेला आणि बॉल सरळ पहिल्या पिनच्या नाकावर गेला.

जास्त वळवणं हा त्यावर उपाय नव्हता. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी पीबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बोलिंग संघटनेची, ४७ विजेतेपदं मिळवली ती बॉल फारसा न वळवता, अचूकपणे सरळ खेळून. इथे बॉलला जायचं होतं ते दहाव्या बोर्डावर. त्यासाठी खेळाडूंचा एक ठोकताळा आहे: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा, जो आकडा येईल त्या बोर्डाच्या आसपास बॉल तेलाबाहेर पडायला हवा. ४१ मधून ३१ गेले, दहा. हा नियम नव्हे, सुरुवात कुठून करायची याचा अंदाज आहे, पण त्या रात्री तो बरोबर ठरला. चौथ्या फ्रेमआधी मी त्याला एवढंच सांगितलं: पाय आहेत तिथेच ठेव, नजर दोन बोर्ड डावीकडे ने. तेराव्यावर टेकून बाराव्यावरून गेलेला बॉल दर १५ फुटांना एकच बोर्ड सरकतो, म्हणजे ४० फुटांवर दहाव्यापाशी. हात तोच, वेग तोच. बॉल पॉकेटमध्ये गेला आणि तिथून गेमभर जात राहिला. सुरुवातीच्या तीन उघड्या फ्रेम्समुळे गेम १६८ वर थांबला, पण चौथ्यापासूनचा खेळ सुंदर होता.

दुसरा गेम: वाईट बातमी घेऊन आलेले दोन स्ट्राइक

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही.

त्या जोडीवर दोन टीमचे मिळून आठ जण खेळत होते, त्यातले सहा उजव्या हाताचे. सगळ्यांचे बॉल थोड्याफार फरकाने त्याच पट्ट्यातून जात होते. आजचा रेझिनचा बॉल तेल पितो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे बॉल आले आणि लेन वाचण्याचं गणितच बदललं. पूर्वीचे प्लास्टिकचे बॉल तेल उचलून पुढच्या कोरड्या भागात नेऊन टाकत, म्हणून पुढे पुढे बॉल वळेनासा व्हायचा. आताचे बॉल तेल पोटात घेतात, म्हणून खेळ जसा पुढे सरकतो तसा तो पट्टा कोरडा होत जातो आणि बॉल लवकर पकड घेऊ लागतो. मधल्या भागातलं तेल कमी झालं की बॉल आधी वळतो, आधी वळला की पॉकेटच्या डावीकडे, पहिल्या पिनवर चढतो.

दुसऱ्या गेमच्या सुरुवातीला डाव्या लेनवर त्याने लागोपाठ दोनदा स्ट्राइक मारला. टाळ्या पडल्या. माझ्या वहीत मात्र दोन्हीपुढे एकच शेरा आहे: "वर." पहिल्यात बॉल पॉकेटपेक्षा किंचित डावीकडून आत शिरला आणि ४ नंबरची पिन बाकीच्या सगळ्या पडल्यावर, जरा थांबून, कलंडली. दुसऱ्यात ती आणखी उशिरा पडली, तीही दुसऱ्या पिनने आडवं येऊन ढकलली म्हणून. त्याच वेळी उजव्या लेनवर त्याच रेषेतून टाकलेला बॉल नेमका पॉकेटच्या मधोमध जात होता.

मी त्याला डाव्या लेनवर हलायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, स्ट्राइक पडतोय की! पडणाऱ्या बॉलला कशाला हात लावायचा?" टीममधल्या बाकीच्यांचंही तेच मत पडलं. मी आग्रह धरला नाही. लेनचं म्हणणं कधीकधी लेनच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

पुढच्या फेरीला डाव्या लेनवर ४ नंबरची पिन उभी राहिली. त्याच्या पुढच्या फेरीला ४-९. त्याच्याही पुढच्याला ४-६-७-१०, म्हणजे दोन्ही कडांना दोन-दोन पिन, ज्यांचं स्पेअर करणं जवळजवळ अशक्य. ओळीने बघितलं तर हा एकच सरळ चढ आहे: उशिरा पडलेली ४, फार उशिरा पडलेली ४, उभी राहिलेली ४, स्प्लिट (उरलेल्या पिनांमध्ये मोकळी जागा), आणि मग नाकावर. धावफलकावर मात्र हेच दोन स्ट्राइक, नंतर एक स्पेअर आणि नंतर अचानक दोन आपत्ती असं दिसतं. फलक वाचणाऱ्याला वाटतं नशीब फिरलं. बॉलचा प्रवास वाचणाऱ्याला पहिल्या स्ट्राइकलाच कळतं की दीड बोर्डाची चूक झालेली आहे आणि ती वाढणार आहे.

दोन लेन शेजारी-शेजारी, मशीन एक, तेल एक, तरी डावी आधी का बदलली? लेन कधीच आरशासारख्या सपाट नसतात. अमेरिकेच्या बोलिंग संघटनेच्या मापात इंचाच्या हजारातल्या ४० भागांपर्यंत उंच-सखल असणं चालतं, आणि एवढा नकळत उतारही १५-१६ पौंडांच्या बॉलला बाजूला न्यायला पुरतो. त्यात पृष्ठभागाची झीज प्रत्येक लेनवर वेगळी. त्या केंद्रात ती डावी लेन नेहमीच जरा आधी वळवते, हे तिथे खेळणारे सगळे जाणतात. म्हणून जोडीवर खेळताना एकाच खेळाडूने दोन वेगळ्या नोंदी ठेवायच्या असतात. एका लेनवर केलेला बदल डोळे मिटून दुसरीवर करायचा नाही. उजवी लेन अजून त्याच्या बाजूने होती, आणि तिला हात न लावणं हासुद्धा त्या गेममधला योग्यच निर्णय होता.

नवव्या फ्रेमनंतर तो स्वतःहून माझ्याकडे आला. बदल ठरला तो दोनास एकचा: पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. बॉल आता पंधराव्यावर टेकणार, तेराव्यावरून जाणार, दर १५ फुटांना दोन बोर्ड सरकणार आणि ४० फुटांपाशी पुन्हा दहाव्याच्या जवळच पोहोचणार. या हालचालीचं मर्म इथे आहे. बाहेर पडण्याची जागा तीच राहते, कारण तेलाची लांबी बदललेली नाही. बदलतो तो सुरुवातीचा रस्ता, कारण कोरडा पडलाय तोच भाग. बॉल डावीकडे चुकतोय तर आपणही डावीकडे सरकायचं, हे नवख्याला उलटं वाटतं, पण पाय डावीकडे गेले की बॉलचा मोहरा उजवीकडे होतो. डाव्या लेनच्या पुढच्या फेरीला बॉल पुन्हा पॉकेटमध्ये गेला. गेम १५९.

तिसरा गेम: एकाच लक्षणाची दोन कारणं

तिसऱ्या गेमच्या मध्यावर डाव्या लेनवर १० नंबरची पिन उभी राहू लागली. पॉकेट बरोबर, आवाज चांगला, तरी कोपऱ्यातली दहा जागची हलत नाही. ही पिन खेळाडूला चिडवते, पण सांगतेही खूप, फक्त तिच्याकडे न बघता तिच्या शेजारच्या ६ नंबरकडे बघायला हवं. सहा जर दहाच्या मानेभोवतून जोरात फिरून गेली, तर बॉलमध्ये ताकद होती आणि चूक केसभराची होती. तसंच खेळत राहावं. सहा जर मलूलपणे गटरमध्ये जाऊन आडवी पडली, तर बॉल पिनांपर्यंत पोहोचेपर्यंत दमलेला होता. त्याची सहा प्रत्येक वेळी गटरमध्ये पडत होती.

तो म्हणाला, "बॉल वळत नाहीये, लेनवर तेल पुढे गेलं असणार. मी उजवीकडे येतो." दिसायला तर्क बिनचूक होता, आणि बहुतेक खेळाडू इथेच फसतात. शेवटी बॉल कमी वळतोय, याची कारणं दोन असतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट असतात. एक, तेल जास्त आहे म्हणून बॉल घसरतच राहिला आणि वळायला उशीर झाला. दोन, तेल कमी आहे म्हणून बॉल फार लवकर पकड घेऊन वळून मोकळा झाला आणि पिनांपर्यंत नुसता गडगडत गेला. घसरणं, वळणं आणि लोळणं हे बॉलच्या प्रवासाचे तीन टप्पे आहेत. पॉकेटवर आदळताना तो वळण्याच्या शेवटी, लोळायला लागता-लागता असावा लागतो. सर्वात चांगल्या फळासाठी बॉल पॉकेटमध्ये सुमारे सहा अंशांच्या कोनात शिरावा असं मानतात. लवकर लोळायला लागलेला बॉल तो कोन गमावतो, पिनांवर आदळून उजवीकडे फेकला जातो, आणि सहाला दहाकडे लोटायला जोर उरत नाही.

कुठलं कारण खरं, हे ओळखायला दोन पुरावे असतात. पहिला, नजर पिनांवर न ठेवता ॲरोच्या पुढच्या पट्ट्यावर ठेवायची: बॉलची चाल कुठे बदलते? त्याचा बॉल ३० फुटांच्या आसपासच जड पाय टाकायला लागला होता, तेल संपायच्या कितीतरी आधी. दुसरा पुरावा हातात येतो. बॉल रिटर्नमधून वर आला की पुसण्याआधी त्याच्यावरचे तेलाचे कडे बघायचे. आतल्या गाभ्यामुळे बॉलचा अक्ष फिरताना हळूहळू सरकतो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला त्याचा नवा भाग लेनला लागतो आणि पृष्ठभागावर एकाशेजारी एक चकचकीत कडी उमटतात, एका ठिकाणी जवळ येऊन दुसरीकडे पंख्यासारखी पसरलेली. पहिल्या गेममध्ये ही कडी ओली, ठसठशीत होती. बोट फिरवलं तर बोटाला तेल लागायचं. तिसऱ्या गेममध्ये डाव्या लेनवरून आलेल्या बॉलवर ती पुसट झाली होती, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसेनात. मी बॉल त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "बघ, तेल आहे का?" त्याने अंगठ्याने कडं पुसून बघितलं आणि उजवीकडे जायचा विचार सोडला.

मग उपाय काय? पुन्हा दोनास एक करता आलं असतं. पण त्याचा बॉल २००० नंबरच्या घासायच्या पॅडने घासलेला, मंद म्हणजे चमक नसलेल्या पृष्ठभागाचा होता. असा पृष्ठभाग लवकर पकड घेतो, आणि लेनच्या सुरुवातीचा भागच उघडा पडलेला असताना तो दमणारच. खेळ चालू असताना पृष्ठभाग घासायला किंवा पॉलिश करायला मनाई आहे, आणि २०१९ पासून पुसायलाही कोरडा टॉवेलच चालतो, लिक्विड नाही. म्हणजे बॉलचा स्वभाव बदलायचा तर बॉलच बदलायचा. त्याच्या बॅगेत एक चकाकता, पॉलिश केलेला बॉल होता. डाव्या लेनवर उभं राहायची जागा तीच ठेवून त्याने तो टाकला. बॉल कोरड्या पट्ट्यावरून सुळकन पुढे गेला, ४० फुटांपुढे जाऊन वळला आणि सहाने दहाला झाडून नेलं.

पुढच्या फ्रेमला उत्साहाच्या भरात तोच बॉल त्याने उजव्या लेनवर टाकला. तिथे अजून तेल शिल्लक होतं. बॉल घसरत पॉकेटच्या उजवीकडे निसटला आणि २-४-५-८ उभ्या राहिल्या. स्पेअर झालं हे त्याचं कौतुक. त्यानंतर मात्र डावीवर चकाकता बॉल आणि उजवीवर जुना मंद बॉल, दोनास एक सरकून, असा खेळ शेवटपर्यंत चालला. प्रत्येक फ्रेमला बॉल बदलणं लोकांना थाटाचं वाटतं, पण दोन लेन दोन भाषा बोलत असतील तर दुसरा मार्ग नसतो. गेम २०४.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. तिसऱ्या गेममध्ये उभ्या राहिलेल्या प्रत्येक दहाच्या पिनवर त्याने प्लास्टिकचा बॉल सरळ, डाव्या कोपऱ्यातून तिरका टाकला आणि एकही सोडली नाही. प्लास्टिकच्या बॉलला तेल असो-नसो, फारसा फरक पडत नाही. पहिल्या गेमच्या तीन उघड्या फ्रेम्स आणि दुसऱ्यातले दोन स्प्लिट सोडले, तर त्याच्या गुणांचा कणा ही स्पेअरच आहेत.

उरलेला वाद

सुरुवातच युरेथेनच्या, म्हणजे रेझिनच्या आधीच्या पिढीतल्या, बॉलने करावी का, यावर आमच्यात मतभेद आहेत. युरेथेन हळू आणि सावकाश वळतो, ताज्या स्पोर्ट पॅटर्नवर तो आगाऊपणा करत नाही. पण तो तेल पीत नाही, पुढे वाहून नेतो, आणि आठांपैकी दोन-तीन जणांनी तोच घेतला तर तिसऱ्या गेमला लेन दुसऱ्याच दिशेने बिघडते. माझ्या मते ४१ फुटांवर, त्याच्या हाताच्या वळणाला, मंद रेझिन हीच निवड बरोबर होती. मात्र दुसऱ्या गेममध्ये दोनास एक हा बदल नवव्या फ्रेमनंतर न करता दुसऱ्या फेरीला करायला हवा होता, याबद्दल आता त्याचंही दुमत नाही.

पुढच्या आठवड्याचा पॅटर्न ३५ फुटांचा लागलाय. ३१ वजा केले तर चौथा बोर्ड, म्हणजे गटरच्या काठावरून खेळ, आणि तेलाबाहेर २५ फूट कोरडी लेन. तिथे पाय डावीकडे नेण्यात काही अर्थ नाही, आणि युरेथेनचा विचार करावाच लागेल. प्रॅक्टिसमध्ये पहिले तीन बॉल तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या बोर्डावरून टाकायचे आणि पिनांकडे बघायचं नाही, एवढं त्याने आपल्या वहीत लिहून घेतलं आहे.